विजयदुर्गाचे ओटे आणि सूर्याची पिवळी रेषा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात हेलियम दिनानिमित्त विजयदुर्गावर झालेल्या कार्यक्रमाचे वृत्त वाचले. किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौथऱ्यांवर दुर्बीण ठेवून सर नॉर्मन लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि तेथेच हेलियमचा शोध लावला, असे त्यात म्हटले आहे. मी निवृत्त विज्ञानशिक्षक असून याच तालुक्यात राहतो. हीच गोष्ट मी स्वतः कितीतरी वर्षे सहलीला आलेल्या मुलांना त्याच ओट्यांवर उभे करून सांगितली आहे, त्यामुळे या पत्रातील दुरुस्ती आधी माझी स्वतःची आहे आणि मग वृत्ताची. नुसती तारीख दुरुस्त करायची असती तर चार ओळी पुरल्या असत्या. परंतु त्या ग्रहणात नेमके काय दिसले आणि त्यावरून नवे मूलद्रव्य कसे ओळखले गेले हे सांगायचे, तर प्रकाश कोठून येतो या प्रश्नात शिरावे लागते, आणि आपल्याकडच्या कथेत नेमका तोच भाग गाळलेला असतो. म्हणून पत्र लांबले आहे. पदरात घ्यावे.

प्रथम तारखांविषयी. १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर भारतात नव्हते. ते तेव्हा लंडनमध्ये युद्धखात्यात कारकुनी करणारे हौशी खगोलनिरीक्षक होते आणि सूर्याकडे पाहण्यासाठी त्यांनी मागवलेला वर्णपटदर्शक (प्रकाश रंगांच्या पट्ट्यात, म्हणजे वर्णपटात, फोडून दाखवणारे उपकरण) त्यांच्या हातात पडला तोच मुळी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, कोणतेही ग्रहण नसताना, त्यांनी लंडनहूनच सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. ऑगस्टमधील ग्रहणाची पूर्ण छाया आपल्या दक्षिण कोकणावरून पुढे दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेली हे खरे आहे. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होते (युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू), गुंटूरला फ्रान्सचे पियर जान्सेन आणि इंग्रजांच्या वतीने मेजर टेनंट होते, तर मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन. कोकणात ऑगस्ट महिना कसा असतो हे येथे राहणाऱ्याला सांगायला नको. एका अमावास्येच्या दिवशी आभाळ उघडेल या भरवशावर समुद्रकाठच्या किल्ल्यात महागड्या दुर्बिणी मांडण्याचे धाडस कोणी केले असते, हा प्रश्न मला स्वतःला इतकी वर्षे कसा पडला नाही याचेच आज नवल वाटते.

लॉकियर विजयदुर्गाला आले हेही तितकेच खरे आहे, मात्र ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. म्हणजे कथेतले ठिकाण आणि माणूस बरोबर आहेत, फक्त साल तीस वर्षांनी चुकले आहे आणि शोध दुसराच आहे. त्या शोधाकडे मी शेवटी येतो.

आता प्रकाशाकडे वळू. स्वयंपाकघरात डाळ उतू जाऊन बर्नरवर सांडली की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते, हे प्रत्येक घरात दिसते. शंका असल्यास मिठाच्या पाण्यात बुडवलेला चमचा निळ्या ज्योतीच्या कडेला धरून पाहावा. हा पिवळा रंग मिठातील सोडियमचा आहे. समईच्या किंवा मेणबत्तीच्या ज्योतीचा पिवळेपणा याहून वेगळ्या जातीचा असतो आणि तो फरक समजला की निम्मे काम झाले. समईच्या ज्योतीत न जळलेल्या काजळीचे अतिसूक्ष्म कण तापून चमकत असतात, लोहाराच्या भट्टीतील लोखंड चमकते त्याच न्यायाने. कोणताही घन किंवा दाट पदार्थ पुरेसा तापला की तो प्रकाश देऊ लागतो: सहा-सातशे अंशांना काळपट लाल, पुढे नारिंगी, आणि जुन्या पिवळ्या बल्बमधील टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते तेव्हा पिवळसर पांढरा. हा प्रकाश प्रिझममधून नेला तर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग पट्टा मिळतो, मध्ये कोठेही खंड पडत नाही. तो पदार्थ लोखंड आहे, काजळी आहे की टंगस्टन, हे त्या पट्ट्यावरून सांगता येत नाही, सांगता येते ते त्याचे तापमान.

मिठाच्या ज्योतीचा पिवळा प्रकाश प्रिझममधून नेला तर मात्र पट्टा मिळत नाही. काळोखात एकमेकींना खेटलेल्या दोन बारीक पिवळ्या रेषा तेवढ्या दिसतात, एक ५८९.० आणि दुसरी ५८९.६ नॅनोमीटरवर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, आणि आपल्या डोळ्यांना दिसणारा सगळा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीत येतो, हे लक्षात घेतले तर या रेषा किती नेमक्या आहेत ते कळेल. येथे चमकतात ते सुटे सुटे अणू. अणूमधील इलेक्ट्रॉनला कोणतीही ऊर्जा धारण करता येत नाही. त्याच्यासाठी काही ठरावीक पायऱ्याच असतात आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये त्याला उभे राहता येत नाही. ज्योतीच्या उष्णतेने सोडियमच्या सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनला वरच्या पायरीवर ढकलले, की सेकंदाच्या काही कोटीव्या भागात तो पुन्हा खाली येतो आणि दोन पायऱ्यांमधील ऊर्जेचा फरक एका प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर टाकतो. फरक ठरलेला, म्हणून प्रकाशकणाची ऊर्जा ठरलेली, म्हणून रंगही ठरलेला. हे पायऱ्यांचे चित्र नील्स बोर यांनी १९१३ मध्ये हायड्रोजनसाठी मांडले, आणि त्यामागे प्लांक यांची १९०० मधील व आइन्स्टाइन यांची १९०५ मधील ऊर्जेच्या पुडक्यांची कल्पना होती. १८६८ साली यांतले काहीही ठाऊक नव्हते, इलेक्ट्रॉनसुद्धा नाही. तरीही रेषा वाचता येत होत्या. व्याकरण माहीत नसताना शिलालेखातले नाव ओळखावे तसा हा प्रकार होता.

ओळखण्याची ही युक्ती किरखोफ आणि बुन्सेन या जोडीने जर्मनीत हायडेलबर्गला १८५९-६० मध्ये हाती आणली. प्रत्येक मूलद्रव्याच्या तप्त वाफेच्या रेषा वेगळ्या असतात आणि त्या कधी बदलत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले आणि केवळ रेषांच्या जोरावर सीझियम व रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधून काढली. त्यांच्या कामाने दुसरा एक जुना पेचही सुटला. सूर्यप्रकाशाच्या सलग पट्ट्यात शेकडो काळ्या रेषा असल्याचे फ्राउनहोफर या काचकारागिराने १८१४ मध्येच नोंदवले होते, आणि त्यांतल्या ठळक रेषांना त्याने ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली होती. पिवळ्या भागातील ‘डी’ ही काळी जोडरेषा आणि मिठाच्या ज्योतीची तेजस्वी जोडरेषा अगदी एकाच जागी येतात. किरखोफ यांनी याचा अर्थ लावला तो असा की, तप्त वायू जो रंग स्वतः देतो तोच रंग मागून येणाऱ्या अधिक तप्त उजेडातून गिळूनही टाकतो. सूर्याच्या दाट, तेजस्वी थरातून निघालेला सलग प्रकाश वरच्या तुलनेने थंड वायूतून बाहेर पडताना तेथील सोडियम आपला पिवळा वाटा काढून घेतो आणि पट्ट्यात तेवढी जागा काळी पडते. ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही असे ऑगस्त कॉम्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ मध्ये लिहिले होते, त्याला तेव्हा पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती.

या पार्श्वभूमीवर १८६८ चे ग्रहण महत्त्वाचे होते. चंद्राने सूर्यबिंब पूर्ण झाकल्यावर कडेला गुलाबी ज्वाला दिसतात, त्या कशाच्या असाव्यात यावर त्यापूर्वी बराच वाद होता, इतका की काहींना त्या चंद्राच्या वाटत. मी स्वतः १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास ग्रहण पाहण्यासाठी एसटीने अंकोल्यापर्यंत गेलो होतो. रस्ते ओस पडले होते, लोक दारे लावून घरात बसले होते, आणि आम्ही पाच-सहा जण किनाऱ्यावर उभे होतो. त्या दोन-अडीच मिनिटांत चंद्राच्या काळ्या कडेला डाळिंबाच्या दाण्यासारखा जो रंग दिसला तो मी अजून विसरलेलो नाही. तो रंग हायड्रोजनचा. ६५६.३ नॅनोमीटरची त्याची तांबडी रेषा त्यात सर्वांत जोरकस असते आणि निळ्या-जांभळ्या रेषांच्या भेसळीने ती डोळ्यांना गुलाबी भासते.

जमखंडी, गुंटूर, मच्छलीपट्टण येथील निरीक्षकांनी या ज्वालांकडे प्रथमच वर्णपटदर्शक रोखले आणि त्यांना सलग पट्ट्याऐवजी सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे ज्वाला तप्त, विरळ वायूच्या आहेत, हा वाद तेथे संपला. रेषांमध्ये हायड्रोजनच्या रेषा ओळखू आल्या आणि पिवळ्या भागात आणखी एक रेषा होती. ती बहुतेकांनी सोडियमची म्हणून टिपली. याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. सोडियमच्या जोडरेषेपासून ही रेषा जेमतेम दीड ते दोन नॅनोमीटर सरकलेली आहे, आणि ग्रहणाच्या त्या पाच-सहा मिनिटांच्या गडबडीत हलत्या दुर्बिणीमागे बसून तेवढा फरक मोजणे सोपे नव्हते. तेव्हा गुंटूरला हेलियम सापडला असे सांगणेही पुरते खरे नाही. तेथे रेषा दिसली, पण ती ओळखली गेली नाही.

जान्सेन यांचे मोठेपण दुसऱ्या गोष्टीत आहे. रेषा इतक्या तेजस्वी आहेत की त्या ग्रहणाशिवायही दिसायला हव्यात, असे त्यांच्या मनाने घेतले आणि दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टच्या सकाळी, गुंटूरला भर उन्हात त्या त्यांना दिसल्या. लॉकियर यांनीही तोच विचार इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे केला होता. यातील युक्ती शाळेतल्या मुलालाही समजेल इतकी साधी आहे. एरवी या ज्वाला दिसत नाहीत कारण सूर्याभोवतीचे आकाश विखुरलेल्या उजेडाने झळाळत असते. आता तो आकाशाचा उजेड सर्व रंगांचा असतो, म्हणून प्रिझममागून प्रिझम लावून वर्णपट जितका लांब ताणावा तितका तो पातळ आणि मंद होत जातो, जसा पोळीचा गोळा लाटत नेला की पातळ होतो. ज्वालेचा प्रकाश मात्र दोन-चार रेषांतच एकवटलेला असतो. वर्णपट ताणला तरी रेषा एकमेकींपासून दूर जातात एवढेच, त्यांची स्वतःची झळाळी फारशी कमी होत नाही. पुरेसे ताणले की मंदावलेल्या पार्श्वभूमीवर त्या उठून दिसतात. जान्सेन यांचे पत्र भारतातून आणि लॉकियर यांचे लंडनहून पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत, काही मिनिटांच्या अंतराने पोहोचले, आणि फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले. प्राधान्याच्या भांडणांनी विज्ञानाचा इतिहास भरलेला असताना असे उदाहरण विरळाच.

ग्रहणाची घाई नसल्यामुळे लॉकियर यांना निवांत मोजता आले. पिवळी रेषा सोडियमच्या डी-१ आणि डी-२ या दोन्हींशी जुळत नाही हे त्यांना दिसले, म्हणून तिला ‘डी-३’ म्हणू लागले. तिची आजची तरंगलांबी ५८७.६ नॅनोमीटर. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्यासमवेत त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनवर दाब आणि तापमान बदलून ती रेषा मिळते का ते पाहिले. ती मिळेना. पृथ्वीवरील ज्ञात अशा कोणत्याच पदार्थात ती मिळाली नाही, तेव्हा हे सूर्यातील अज्ञात मूलद्रव्य असावे असे लॉकियर म्हणू लागले आणि ग्रीक सूर्यदेवतेच्या नावावरून त्याला हेलियम हे नाव पडले. या नावाचा शेवट सोडियम, कॅल्शियम या धातूंच्या नावांसारखा केला गेला, आणि पुढे तो निघाला वायू. अनेक रसायनशास्त्रज्ञांनी हे मूलद्रव्य पंचवीस वर्षे मान्यच केले नाही. शेवटी मार्च १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा दिसली. ते शोधत होते वेगळेच काहीतरी, आणि त्यांनाही ती आधी सोडियमची वाटली.

येथे चौकस वाचक विचारील की, हेलियम सूर्यात इतका आहे तर फ्राउनहोफरच्या काळ्या रेषांत तो का दिसला नाही? प्रश्न रास्त आहे, कारण सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे चौथा हिस्सा हेलियम आहे, तर सोडियम नावापुरता. उत्तर पायऱ्यांमध्ये आहे. सोडियमच्या इलेक्ट्रॉनला पिवळा प्रकाश देणाऱ्या पायरीवर चढायला सुमारे २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा पुरते, म्हणून स्वयंपाकघरातली ज्योतसुद्धा त्याला चढवू शकते. हेलियमचे दोन इलेक्ट्रॉन फार घट्ट धरलेले असतात. डी-३ रेषा देण्यासाठी त्यातील एकाला आधी सुमारे २३ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतके वर चढावे लागते, आणि तेथून केवळ एक पायरी खाली उतरताना तो आपल्याला दिसणारा पिवळा प्रकाश देतो. गॅसच्या ज्योतीत हेलियम कितीही सोडला तरी ती पिवळी होणार नाही. सूर्याचा जो थर आपल्याला दिसतो त्याचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, तेही यासाठी अपुरे. त्यामुळे त्या थरावर हेलियम भरपूर असूनही दृश्य प्रकाशात जवळजवळ मुका राहतो. त्याच्या वरचा विरळ वर्णगोल आणि त्यातून उसळणाऱ्या ज्वाला येथेच काय तो त्याला कंठ फुटतो, आणि तो भाग ग्रहणाशिवाय झाकलेला. कोणत्या रेषा दिसतील हे पदार्थाच्या प्रमाणाइतकेच तापमानावर आणि दाबावर अवलंबून असते, हे गणिताने दाखवले ते मेघनाद साहांनी, १९२० मध्ये. त्यांचे समीकरण वापरून सिसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे असल्याचा निष्कर्ष काढला, तेव्हा तो थोरामोठ्यांना पटला नव्हता. आमच्या शालेय पुस्तकांत साहांचे नाव येते, पण त्यांनी सोडवलेला प्रश्न येत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

मग सूर्याचा प्रकाश मुळात येतो कोठून? आपल्या वृत्तात ‘सूर्य जळतो’ असा शब्दप्रयोग आहे. तो बोलीत चालेल, पण सूर्यात लाकूड किंवा कोळसा जळावा तसे काही जळत नाही. त्याच्या गाभ्यात, सुमारे दीड कोटी अंश तापमानाला, हायड्रोजनची चार केंद्रके टप्प्याटप्प्याने एकत्र येऊन हेलियमचे एक केंद्रक होते. हेलियम चार हायड्रोजनांच्या बेरजेपेक्षा सुमारे ०.७ टक्क्याने हलका असतो आणि ती तूट ऊर्जा होऊन बाहेर पडते. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन असा खर्ची पडतो आणि त्यातील चाळीस लाख टनांहून अधिक वस्तुमानाची ऊर्जा होते. तेव्हा हेलियम ही सूर्याच्या चुलीतली राख आहे, असे म्हटले तर चालेल. अर्थात १८६८ मध्ये ज्वालांत दिसलेला हेलियम ही राख नव्हे. तो सूर्य जन्मला तेव्हापासून त्या वायूत मिसळलेला आहे.

गाभ्यातली ही ऊर्जा थेट प्रकाश होऊन आपल्याकडे येत नाही. ती आधी गॅमा किरणांच्या रूपात असते, दाट वायूत पावलोपावली गिळली आणि पुन्हा सोडली जाते, आणि वरच्या थरापर्यंत यायला तिला हजारो वर्षे, काही गणितांनुसार लाखाहून अधिक वर्षे लागतात. आपल्या डोळ्यांत शिरतो तो प्रकाश दीप्तिगोल नावाच्या काहीशे किलोमीटर जाडीच्या थरात जन्मतो, आणि तोही मुख्यतः एका नाजूक घटनेतून: हायड्रोजनचा अणू एक जादा इलेक्ट्रॉन पकडतो आणि पकडताना प्रकाशकण सोडतो. पकडलेला इलेक्ट्रॉन कोणत्याही वेगाने आलेला असू शकतो, त्यामुळे येथे पायऱ्यांचे बंधन नसते आणि रेषांऐवजी सलग पट्टा मिळतो. ही गोष्ट रुपर्ट विल्ट यांनी १९३९ मध्ये मांडली. म्हणजे काल-परवापर्यंत, आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत, आपल्यावर पडणारे ऊन नेमके कोणता कण देतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. तेथून निघालेला प्रकाश मात्र ८ मिनिटे २० सेकंदांत विजयदुर्गाच्या तटावर येऊन पडतो.

आता १८९८ विषयी. तोपर्यंत हेलियम रॅमसे यांच्या काचेच्या नळीत आलेला होता, त्यामुळे लॉकियर विजयदुर्गाला हेलियम शोधायला आले नव्हते हे उघड आहे. जानेवारीतले कोरडे आकाश आणि ग्रहणछायेच्या मध्यरेषेजवळची जागा पाहून त्यांनी हे ठिकाण निवडले. ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. खग्रास अवस्था दोन मिनिटांच्या आसपासची. त्यांची मुख्य साधने होती प्रिझम लावलेले कॅमेरे. एरवी वर्णपट घेताना प्रकाश आधी एका अरुंद फटीतून न्यावा लागतो. ग्रहणाच्या वेळी चंद्राच्या कडेला उरलेली वर्णगोलाची कोर स्वतःच इतकी अरुंद असते की तिलाच फट समजून प्रिझम सरळ भिंगापुढे धरता येते. अशा छायाचित्रात प्रत्येक रंगाची रेषा सरळ न येता कोरीच्या आकाराची येते, जणू एकापुढे एक मांडलेल्या बांगड्यांचे तुकडे. एकेका कोरीच्या लांबीवरून तो वायू सूर्याच्या पृष्ठभागापासून किती उंच पोहोचला आहे तेही मोजता येते. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांचेही तळ होते. नायगमवालांचे नाव आज पुण्यातही फारसे कोणाला आठवत नाही, हे जाता जाता नोंदवतो.

त्या ग्रहणातील मापनांचे एक फलित असे की, सूर्याच्या किरीटातील (खग्रास ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या बाहेरच्या विरळ वातावरणातील) एका हिरव्या रेषेची जागा सुधारावी लागली. ही रेषा १८६९ मध्ये अमेरिकेतील ग्रहणात प्रथम दिसली होती आणि ती वर्णगोलातल्या दुसऱ्या एका ज्ञात रेषेशी जुळते असा समज तीस वर्षे चालला होता. १८९८ नंतर ती ५३०.३ नॅनोमीटरवर, म्हणजे वेगळ्याच ठिकाणी आहे हे स्पष्ट झाले. हेलियमचा अनुभव ताजा असल्याने या रेषेमागेही नवे मूलद्रव्य असणार असे सर्वांनी धरले होते आणि त्याला ‘कोरोनियम’ असे नावही दिले होते. ते मूलद्रव्य कधीच सापडले नाही. १९४० च्या सुमारास ग्रोत्रियान आणि एड्लेन यांच्या कामातून उलगडले की ती रेषा साध्या लोखंडाची आहे, मात्र २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची, आणि तशी अवस्था यायला दहा-वीस लाख अंश तापमान लागते. साडेपाच हजार अंशांच्या पृष्ठभागाबाहेर एवढा तप्त किरीट कसा, यावर आजही संशोधन सुरू आहे, आणि आपल्या आदित्य-एल१ यानाच्या कामात किरीटाचा अभ्यास आणि ही हिरवी रेषाही येते. तेव्हा विजयदुर्गाचा विज्ञानाशी असलेला खरा धागा तुटलेला नाही. तो हेलियमच्या पिवळ्या रेषेऐवजी किरीटाच्या प्रश्नाला जाऊन भिडतो, आणि माझ्या मते तो अधिक मोलाचा आहे. एकच रीत, एका रेषेबाबत नवे मूलद्रव्य देऊन गेली आणि दुसरीबाबत भल्याभल्यांना सत्तर वर्षे चकवून गेली. मुलांना या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून सांगाव्यात.

हेलियम दिनाचा कार्यक्रम बंद करावा असे मी म्हणत नाही. १८ ऑगस्टला ग्रहणाची छाया या किनाऱ्यावरून गेली होती, एवढे कारण पुरेसे आहे. माझी मागणी मर्यादित आहे. ओट्यांपाशी जी माहिती दिली जाते तिच्यात २२ जानेवारी १८९८ ही तारीख यावी, १८६८ च्या निरीक्षकांची आणि त्यांच्या ठिकाणांची नावे यावीत, आणि आपल्या दैनिकाने पुढील वृत्तात ‘विजयदुर्गावर हेलियमचा शोध’ हे शब्द टाळावेत. कार्यक्रमात भाषणे थोडी कमी करून मुलांच्या हातात वर्णपट द्यावा. बुटांचे रिकामे खोके, जुन्या सीडीचा तुकडा आणि अरुंद फट पाडलेला जाड कागद यांपासून वर्णपटदर्शक तासाभरात तयार होतो. त्यातून जुना पिवळा बल्ब पाहिला की सलग पट्टा दिसतो, ट्यूबलाइट पाहिली की त्यात पाऱ्याच्या सुट्या रेषा दिसतात आणि मिठाची ज्योत पाहिली की एक पिवळी रेषा तेवढी उरते. आजचे पांढरे एलईडी दिवे पाहिले तर निळ्या भागात एक उंचवटा आणि पुढे पिवळ्या-तांबड्याचा रुंद पट्टा दिसतो, कारण त्यात निळा प्रकाश देणाऱ्या अर्धवाहकावर पिवळा लेप दिलेला असतो. सूर्याकडे हे खोके थेट रोखू नये, ढगाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे रोखावे, ही सूचना मात्र दहा वेळा द्यावी लागते.

अशी चाळीस खोकी माझ्याकडे तयार आहेत. पुढच्या १८ ऑगस्टला आयोजकांनी बोलावले तर ती घेऊन येण्याची माझी तयारी आहे. मिठाची पुडी आणि स्टोव्ह त्यांनी द्यावा.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग